उपग्रह बिथरला? आधी त्याच्या घड्याळात किती वाजलेत ते बघा

सूर्यावर वादळ उठल्याची बातमी आली की पुढचे दोन-तीन दिवस सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं. मे २०२४ मध्ये तेच झालं. १० आणि ११ तारखेला २००३ नंतरचं सगळ्यात तीव्र भूचुंबकीय वादळ आलं, लडाखच्या हानलेतून तांबडी ध्रुवीय प्रभा टिपली गेली, आणि इकडे खानापूर भागात वळवाच्या पावसाने डिशचा सिग्नल गेला तरी ‘सूर्यामुळंच की’ म्हणणारे भेटले. पावसाने सिग्नल जातो तो पावसामुळेच जातो, उपग्रह वर ठणठणीत असतो.

उपग्रहाला खरोखर इजा होते, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा साठून राहिलेला स्थिर विद्युतभार असतो. हा लेख त्याबद्दल आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यातली जी इंजिनिअरिंगची पोरं छोट्या उपग्रहाच्या प्रकल्पात आहेत किंवा पुढे बेंगळुरू-हासनला या कामात जायचं म्हणतात, त्यांच्यासाठी मुख्यतः. आपल्या राज्यातल्या कॉलेजांनी हे करून दाखवलंय: बेंगळुरू-हैदराबादच्या सात कॉलेजांचा स्टडसॅट जुलै २०१० मध्ये गेला, पीईएस विद्यापीठाचा पीसॅट सप्टेंबर २०१६ मध्ये. पहिला भाग बिघाडाचं कारण शोधण्याचा, दुसरा बिघाड होऊच नये म्हणून बांधतानाच काय करायचं याचा.

भार साठतो म्हणजे नेमकं काय होतं

अवकाश रिकामं नसतं. तिथे प्लाझ्मा असतो, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन. इलेक्ट्रॉन हलके, त्यामुळे वेगवान, त्यामुळे उपग्रहावर येऊन आदळणाऱ्यांत तेच जास्त. उपग्रह ऋणभारित होत जातो. उलट बाजूने सूर्यप्रकाश पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उडवून लावतो. उन्हात ही दोन खाती साधारण जुळतात आणि उपग्रह शून्याच्या आसपास काही व्होल्टांवर राहतो. सावलीत दुसरं खातंच बंद पडतं.

खालच्या कक्षेत, ३०० ते १००० किलोमीटरवर, प्लाझ्मा दाट पण थंड असतो: घन सेंटिमीटरमागे लाखभर किंवा जास्त कण, पण ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) आत. तिथे सहसा फार काही बिघडत नाही. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत घन सेंटिमीटरमागे जेमतेम एखादा कण, पण चुंबकीय उपवादळात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अचानक उठणाऱ्या खळबळीत, त्याची ऊर्जा हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर जाते. एटीएस-६ उपग्रहावर ग्रहणात, म्हणजे पृथ्वीच्या सावलीत असताना उणे दहा हजार व्होल्टांच्याही पुढचा दाब मोजला गेला होता. मग १९७९ मध्ये ‘स्काथा’ नावाचा एक अख्खा उपग्रह केवळ या प्रकाराचा अभ्यास करायला सोडण्यात आला.

आता इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. दहा हजार व्होल्ट हा आकडा भीतीदायक वाटतो, पण अख्खा उपग्रह एकसारखा दहा हजार व्होल्टांवर गेला तर त्याचं सहसा काही वाकडं होत नाही, कारण ठिणगी पडायला शेजारी दुसरं काही नसतं. धोका असतो तो एकाच उपग्रहाच्या दोन भागांतल्या फरकाचा. गणित मांडू. दीडेक मीटर त्रिज्येच्या उपग्रहाची मोकळ्या अवकाशाशी धारिता (कपॅसिटन्स) धरा २०० पिकोफॅरड. दहा हजार व्होल्टांवर साठलेली ऊर्जा येते ०.०१ ज्यूल. आता ५० मायक्रॉन जाडीचा एक चौरस मीटर कॅप्टन (Kapton, उपग्रहावर वापरतात ती पिवळी प्लास्टिक फिल्म) घ्या, खाली धातूचा थर, वरचा पृष्ठभाग हजार व्होल्टांनी वेगळा. धारिता ०.६ मायक्रोफॅरड, ऊर्जा ०.३ ज्यूल. व्होल्टेज दहावा हिस्सा, ऊर्जा तीसपट. आणि ही ऊर्जा बाहेर पडते ती तुमच्या वायरिंगच्या शेजारी.

दुसरा प्रकार आतला. काही लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या पुढचे इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर थांबत नाहीत. १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा इलेक्ट्रॉन साधारण दोन मिलिमीटर ॲल्युमिनियम भेदतो. हे कण केबलच्या इन्सुलेशनमध्ये, सर्किट बोर्डात, कनेक्टरच्या प्लास्टिकमध्ये जाऊन रुततात. बाहेर पडायची वाट नसेल तर दिवसेंदिवस साठत राहतात. किती दिवस, हेही काढता येतं: परावैद्युतांक (पर्मिटिव्हिटी) गुणिले विशिष्ट रोध (रेझिस्टिव्हिटी). टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा रोध १० चा १६ वा घात ओहम-मीटर धरला तर उत्तर येतं सुमारे दोन लाख सेकंद, म्हणजे दोन दिवसांच्या वर. रोध १० चा १२ वा घात असेल तर वीस सेकंदांत भार निघून जातो. थंडीत रोध वाढतो, म्हणजे गळती आणखी मंदावते.

पायरी पहिली: उपग्रहाचं घड्याळ

बिघाडाची नोंद हातात आली की सगळ्यात आधी उपग्रहाची स्थानिक वेळ काढा. जागतिक वेळेत रेखांश भागिले १५ मिळवायचे, पूर्वेचे अधिक, पश्चिमेचे उणे.

आपल्याला हे सोपं आहे, कारण बेळगाव ७४.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भारताचे काही उपग्रह ७४ अंशांवर उभे आहेत, हवामानाची चित्रं पाठवणारा इन्सॅट-३डीआर त्यातलाच. बेळगावच्या गच्चीवरून तो जवळजवळ नेमका दक्षिणेला, क्षितिजापासून ७१ अंश वर असतो. त्याची स्थानिक वेळ भारतीय वेळेच्या ३४ मिनिटं मागे. म्हणजे त्याची मध्यरात्र आपल्या घड्याळात १२ वाजून ३४ मिनिटांनी होते. ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ ची, ज्याच्यावरून डीडी फ्री डिश येतं, मध्यरात्र रात्री सव्वाअकरालाच होऊन जाते.

हे कशासाठी? चुंबकीय उपवादळात पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूने जे तापलेले इलेक्ट्रॉन आत ढकलले जातात, ते पूर्वेकडे, म्हणजे पहाटेच्या दिशेने सरकतात. त्यामुळे पृष्ठभागावरच्या भाराचे बिघाड स्थानिक मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात दाटीने सापडतात. ७४ अंशांसाठी ही वेळ म्हणजे आपल्याकडचे साडेबारा ते साडेसहा.

एक खरं उदाहरण करून बघा. गॅलॅक्सी-१५ हा १३३ अंश पश्चिमेचा उपग्रह ५ एप्रिल २०१० रोजी जागतिक वेळ सुमारे ९:४८ ला आज्ञा ऐकेनासा झाला. १३३ भागिले १५ म्हणजे ८ तास ५२ मिनिटं. वजा केलं की स्थानिक वेळ येते ००:५६. मध्यरात्र नुकतीच उलटलेली, वर भूचुंबकीय वादळ चालू. त्यापुढे आठ-नऊ महिने तो आपले ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत पाठवणारे संच) चालू ठेवून शेजारच्या उपग्रहांच्या जागेतून वाहत गेला, आणि डिसेंबरात बॅटरी रिकामी होऊन रीसेट झाल्यावरच ताळ्यावर आला.

दुपारी दोनला झालेला बिघाड असेल तर पृष्ठभागाचा भार यादीत खाली सरकवा. खोडू नका, खाली सरकवा.

पायरी दुसरी: सावली होती का

भूस्थिर उपग्रहाला वर्षातून दोनदा ग्रहणाचा हंगाम येतो: फेब्रुवारीअखेर ते एप्रिलचा मध्य, आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. आपल्या हिशेबाने साधारण शिमगा-पाडवा आणि गणपती-नवरात्र. रोज स्थानिक मध्यरात्रीच्या आसपास उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो, विषुवदिनाजवळ जास्तीत जास्त ७२ मिनिटं. उन्हामुळे जाणारे इलेक्ट्रॉन थांबतात, वर थंडीमुळे इन्सुलेशनची गळती मंदावते. गॅलॅक्सी-१५ ची तारीख याच हंगामातली आहे, हे लक्षात आलंच असेल.

त्याच महिन्यांत दिवसा काही मिनिटं टीव्ही खरखरतो, तो प्रकार वेगळा. तेव्हा सूर्य उपग्रहाच्या बरोब्बर मागे येतो आणि डिशला सूर्याचाच गोंगाट ऐकू येतो. बेळगावच्या अक्षांशावर हे १३ मार्चच्या आणि सप्टेंबरअखेरच्या आसपास होतं. त्यात उपग्रहाला काहीही होत नाही.

पायरी तिसरी: त्या क्षणाचे नव्हे, त्या आठवड्याचे आकडे

पृष्ठभागावरच्या भारासाठी बिघाडाच्या आधीचे काही तास बघायचे. केपी निर्देशांक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचं माप, शून्य ते नऊ असा असतो, दर तीन तासांनी निघतो. पाच किंवा वर असेल तर वादळ. घरच्या जवळचा पुरावा हवा असेल तर भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अलिबाग वेधशाळेची नोंद आहे. ही वेधशाळा आधी कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमापं बिघडू नयेत म्हणून ती आधीच अलिबागला नेली. १८५९ च्या सुप्रसिद्ध सौर वादळाची नोंद कुलाब्यात झालेली आहे, आणि जगभरचे संशोधक आजही ती काढून बघतात.

आतल्या भारासाठी मात्र आधीचे दोन ते दहा दिवस बघायचे. अमेरिकेचे गोज (GOES) हवामान उपग्रह २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या पुढच्या इलेक्ट्रॉनांचा ओघ सतत मोजतात आणि तो आलेख कुणालाही फुकट बघता येतो. चौरस सेंटिमीटर-सेकंद-स्टेरेडियनमागे १००० हा आकडा ओलांडला की इशारा निघतो. गंमत अशी की वादळाच्या ऐन भरात हा ओघ बऱ्याचदा कोसळतो आणि मग एक ते तीन दिवसांनी वर चढतो. म्हणजे बातम्या थंडावतात तेव्हा धोका वाढत असतो. सूर्यावर डाग नसतानाही, किरीटविवरातून (सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या विरळ भागातून, कोरोनल होल) येणाऱ्या वेगवान सौर वाऱ्यामुळे हा ओघ दर २७ दिवसांनी वर येऊ शकतो. ‘मोठं वादळ नव्हतं, म्हणजे अवकाश हवामान कारण नाही’ हा निष्कर्ष म्हणूनच कच्चा.

कॅनडाच्या ॲनिक ई-१ आणि ई-२ चं जानेवारी १९९४ मध्ये असंच झालं. कित्येक दिवस इलेक्ट्रॉनांचा ओघ चढा होता. मग २० तारखेला आधी एकाची आणि काही तासांत दुसऱ्याची, दिशा सांभाळणाऱ्या चक्राची यंत्रणा गेली. ई-१ पर्यायी सर्किटवर काही तासांत परतला. ई-२ ची पर्यायी यंत्रणाही मेलेली होती, त्याला ताळ्यावर आणायला काही महिने गेले.

एक खबरदारी: गोज अमेरिकेच्या डोक्यावर आहेत, आपल्या नाही. इलेक्ट्रॉनांचा ओघ स्थानिक वेळेनुसार दिवसभरात वर-खाली होतो, म्हणून त्यांचा त्या मिनिटाचा आकडा आपल्या उपग्रहाला चिकटवू नका. २४ तासांची बेरीज वापरा. जपानच्या हिमावारी उपग्रहावरही असा मापक आहे आणि तो १४०.७ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याला जरा जवळचा.

पायरी चौथी: टेलिमेट्री वाचताना

टेलिमेट्री म्हणजे उपग्रहाने स्वतःच्या तब्येतीची पाठवलेली मोजमापं. आधी आज्ञांची नोंदवही आणि उपग्रहाची स्थिती समोरासमोर ठेवा. कुणीही न पाठवलेली आज्ञा पाळली गेलेली दिसली, म्हणजे हीटर आपोआप सुरू, रिले पलटलेला, मुख्य यंत्रणेवरून पर्यायीवर उडी, तर ठिणगीचा संशय बळावतो. ठिणगीची लहर केबलमधून जाऊन खऱ्या सिग्नलसारखी भासते. सौर पॅनेलचा प्रवाह एका पायरीने खाली आला आणि परत वर गेलाच नाही, तर स्ट्रिंग (एकापाठोपाठ जोडलेल्या सौर सेलांची माळ) कायमची शॉर्ट झाली असण्याची शक्यता आहे.

मग प्रतिस्पर्धी कारणं खोडा. विद्यार्थ्यांचा ठरलेला प्रश्न असतो, “सर, रेडिएशनने बिट उलटला असेल की!” असेल. पण एकट्या प्रोटॉनने किंवा जड आयनाने उलटलेला बिट दक्षिण अटलांटिकवरच्या विसंगत पट्ट्यात (जिथे किरणोत्सारी पट्टा खाली उतरतो) किंवा सौर प्रोटॉनच्या माऱ्यात सापडतो, त्याला मध्यरात्र-पहाटेचं प्रेम नसतं. आणि सगळ्यात कंटाळवाणं कारण विसरू नका: आदल्या दिवशी चढवलेलं सॉफ्टवेअर.

खालच्या ध्रुवीय कक्षेतला उपग्रह असेल तर घड्याळाबरोबर चुंबकीय अक्षांशही काढा. ६० ते ७५ अंशांत, अंधारात, ध्रुवीय प्रभेच्या पट्ट्यातून जाताना बिघाड झाला तर खालच्या कक्षेतही भार साठू शकतो. जपानचा अडिऑस-२ ऑक्टोबर २००३ मध्ये असाच गेला. त्याची वीज काही मिनिटांत ६ किलोवॅटवरून १ किलोवॅटवर आली. तपासात बोट दाखवलं गेलं ते वीजवाहक केबलींच्या जुडग्यावर गुंडाळलेल्या, अर्थिंग न केलेल्या उष्णतारोधक पांघरुणाकडे.

इशारा आला त्या रात्री

इस्रोच्या भूस्थिर उपग्रहांची देखरेख हासनच्या मास्टर कंट्रोल फॅसिलिटीतून होते, जोडीला भोपाळचं केंद्र. अशा कुठल्याही नियंत्रण कक्षात इशारा आल्यावर करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. कक्षा बदलण्याचं, सॉफ्टवेअर चढवण्याचं, एका यंत्रणेवरून दुसरीवर नेण्याचं काम पुढे ढकला. जिथे शक्य आहे तिथे हीटर चालू ठेवून भाग उबदार राखा. मध्यरात्र ते पहाटेच्या पाळीला अनुभवी माणूस बसवा. पूर्ववत करण्याच्या आज्ञा आधीच तपासून तयार ठेवा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे तर झेनॉन वायूचा प्लाझ्मा सोडून स्वतःचा भार उतरवणारं उपकरणच आहे, पण ती चैन प्रत्येकाला परवडत नाही.

बिघाड झालाच तर लगेच रीसेट मारू नका. बॅटरी आणि दिशा सुरक्षित असेल तर आधी साठलेली सगळी टेलिमेट्री उतरवून घ्या. रीसेटबरोबर बरेचदा पुरावाही पुसला जातो.

बांधतानाच काय करायचं

इथे नियम एकच: धातूचा कुठलाही तुकडा अधांतरी सोडायचा नाही.

सुरुवात सांगाड्यापासून. क्यूबसॅटचा (दहा सेंटिमीटरच्या घनाच्या मापाचा छोटा उपग्रह) ॲल्युमिनियमचा सांगाडा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कातून घेता येईल, ॲनोडायझिंगही होईल, दिसायलाही देखणा होईल. मग मल्टिमीटर लावा. एक टोक एका पट्टीवर, दुसरं शेजारच्या पॅनेलवर, आणि स्क्रीनवर उमटतं ‘ओएल’, म्हणजे रोध मोजता येण्यापलीकडचा. स्क्रू करकचून आवळलेत, धातू धातूला टेकलाय, तरी जोडणी नाही, कारण ॲनोडायझिंगचा थर हा उत्तम विद्युतरोधक आहे. म्हणून काम द्यायच्या आधीच ड्रॉइंगवर जोडणीच्या जागा रंगवून ‘इथे मास्किंग’ असं लिहा, आणि तेवढ्या जागांना वीजवाहक रासायनिक लेप द्या. तोंडी सांगितलेलं दुकानात पोचत नाही. परत आलेल्या सांगाड्याचा प्रत्येक सांधा मिलिओहममीटरवर तपासा. अपेक्षा काही मिलिओहमची, साध्या मल्टिमीटरच्या ‘बीप’वर समाधान मानू नका.

दुसरा शत्रू पिवळी कॅप्टन टेप. प्रत्येक प्रयोगशाळेत तिचं रीळ असतं आणि प्रत्येक पोरगं ती सढळ हाताने चिकटवतं. दहा सेंटिमीटर बाजूच्या एका फळीवर ५० मायक्रॉनचा कॅप्टन हजार व्होल्टांवर गेला की ऊर्जा ३ मिलिज्यूल. बोटाने बसणाऱ्या झटक्याची नेहमीची चाचणी, १०० पिकोफॅरड आणि २००० व्होल्ट, ०.२ मिलिज्यूलची असते, आणि तेवढ्यानेही नाजूक चिप जाते. बाहेरच्या पृष्ठभागासाठी कार्बन मिसळलेला काळा कॅप्टन किंवा इंडियम टिन ऑक्साइडचा लेप दिलेली फिल्म वापरा, आणि तो लेप सांगाड्याला खरोखर जोडा. बहुथरी पांघरूण असेल तर त्यातला प्रत्येक धातूचा थर जोडायचा, एक नव्हे दोन जागी.

बोर्डवर न वापरलेल्या पिना, रिकामे तांब्याचे पट्टे, चिपवर चिकटवलेला संरक्षक धातूचा तुकडा, कनेक्टरमधल्या सुट्या तारा, सगळ्यांना जमिनीची, म्हणजे सांगाड्याची वाट द्या. गरज पडली तर मोठ्या रोधातून का होईना. बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक केबलला आवरण, आणि त्या आवरणाची जोडणी पेटीच्या तोंडाशीच. भूस्थिर कक्षेसाठी आतल्या इलेक्ट्रॉनिक्सभोवती एकूण २.८ मिलिमीटरच्या आसपास ॲल्युमिनियम असावं असा प्रघात आहे. छोट्या खालच्या कक्षेतल्या उपग्रहाला इतकं वजन लागत नाही.

सौर पॅनेलवर शेजारी-शेजारी येणाऱ्या स्ट्रिंगमधला फरक ४० व्होल्टांच्या आत राहील अशी मांडणी करा. नाहीतर मधली फट सिलिकॉनने भरा. १९९७ मध्ये गेलेल्या टेम्पो-२ आणि पीएएस-६ वर छोट्या ठिणगीला पॅनेलनेच वीज पुरवली, ती विझलीच नाही आणि खालचं इन्सुलेशन जळून स्ट्रिंग कायमच्या गेल्या.

शेवटी चाचणी. इथे आपली हवा दगा देते. थंडीत नायलॉनचा स्वेटर काढताना जी चटचट होते ती जुलैत होत नाही, कारण दमट हवेत पृष्ठभागावरून भार झिरपून जातो. खानापूर-जांबोटीच्या पावसाळ्यात चाचणी केलीत तर अर्थिंग न केलेली फिल्मही पास होईल. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत करा, आर्द्रता लिहून ठेवा, आणि शक्य असेल तर निर्वात कक्षातच करा. ठिणगी मारायच्या पिस्तुलाने आधी सांगाड्यावर, मग पॅनेलच्या कडेवर, मग केबलच्या आवरणावर, लहान व्होल्टेजपासून वर चढत, उपग्रह चालू ठेवून. प्रत्येक ठिणगीनंतर टेलिमेट्री बघा आणि काय पलटलं ते टेबलात मांडा: कुठे मारली, किती व्होल्टांची, कोणता चॅनेल उडाला, आपोआप परतला की रीसेट लागला. उड्डाणानंतर पहाटे तीनला काही बिथरलं, तर पहिल्यांदा उघडायचा कागद हाच.